सत्तावीस नंबरचा पक्षी

"आत्या, असशील तशी ये. चारशे बारा फायली गेल्या." एवढं बोलून भाचीने फोन ठेवला.

आत्याची सगळी नोकरी सर्व्हरच्या नोंदी वाचण्यात गेलेली. निवृत्तीनंतर घर तिला खायला उठायचं. तिने चपला पायांत सरकवल्या आणि अर्ध्या तासात ती पक्षी-अभ्यास संस्थेत हजर झाली.

संचालक येरझाऱ्या घालत होते. "पक्ष्यांच्या आवाजांचा अख्खा फोल्डर वेबसाइटवरून गायब झालाय. मूळ टेपा ओल लागून केव्हाच सडल्या. पासवर्ड फक्त हिच्याकडे. बारापर्यंत उलगडा झाला नाही, तर हिला उद्यापासून यायची गरज नाही."

अकरा वाजून गेले होते. भाचीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "गोंगाट काढून साफ केलेल्या चाळीस फायली मी आज चढवणार होते. त्याच नावांच्या, जुन्यांच्या जागी बसणाऱ्या. बघते तर फोल्डरच नाही."

आत्या तिच्या खुर्चीत बसली. समोर एफटीपीचा प्रोग्राम उघडाच होता. डावीकडे हा संगणक, उजवीकडे वेबसाइट. इकडून ओढायचं, तिकडे सोडायचं.

"पासवर्ड दरवेळी टाकतेस?"

"नाही. यातच साठवलाय."

"म्हणजे या खुर्चीत बसेल त्याचा पासवर्ड. धन्य आहेस. साइटवर शेवटचा बदल सव्वादहाचा दिसतोय. तेव्हा कुठे होतीस?"

"साहेबांच्या खोलीत, मीटिंगला. कारकून मध्येच रजिस्टर आणायला उठला होता. त्याचं नि माझं विळ्या-भोपळ्याचं सख्य."

कारकून तावातावाने म्हणाला, "मी रजिस्टर घेतलं नि निघालो. पक्षीकाका होते इथे, हेडफोन लावून. हाक मारली, पण त्यांना ऐकू गेली नाही."

पक्षीकाका कोपऱ्यात बसले होते. चाळीस वर्षं रानोमाळ हिंडून हे सगळे आवाज त्यांनीच टिपलेले.

"काका, हे यंत्र चालवता येतं तुम्हाला?"

"छे हो. मी टेपरेकॉर्डरच्या जमान्यातला."

आत्याने सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. घड्याळाकडे बघत संचालक बोटांनी टेबल वाजवत होते. तिने मान वर न करता त्यांना दटावलं.

मग ती म्हणाली, "पुसलं असतं, तर एकेका फाइलची एकेक ओळ दिसली असती. चारशे बारा ओळी. इथे आहेत दोन. इथून उचललं आणि तिथे ठेवलं, बस्स. फोल्डर 'जुनी पत्रकं'च्या पोटात आहे."

भाचीने झडप घालून बघितलं. सगळ्या फायली शाबूत होत्या.

"पण केलं कोणी?" संचालक गरजले.

"त्यानंतर एकच फाइल उघडली गेली, सत्तावीस नंबरची. दोनदा. हिला गोत्यात आणायला आलेला माणूस हेडफोन लावून पक्षी ऐकत बसेल?"

तिने फाइल लावली. एक लांब शीळ आली. मग अगदी जवळून एक बाई हसली. "अहो, चहा गार झाला."

पक्षीकाकांनी डोळे मिटले. "आमची ही. जाऊन सहा वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. घरी रोज वेबसाइटवर ऐकतो. आज सत्तावीसची साफ केलेली फाइल चढणार होती. नवी फाइल वर बसली की जुनी संपते, हे तुमच्या भाचीनेच सांगितलं होतं. हिच्या शेजारी बसून वर्षभर बघितलं, फोल्डर कसा ओढतात ते."

"मग मागायचं होतं," आत्या म्हणाली.

"लाज वाटली. या वयात काय सांगू?"

"आणि हिची नोकरी?"

काका संचालकांपुढे उभे राहिले. "साहेब, हिचा काही दोष नाही. जे करायचं ते माझं करा."

भाचीने डावीकडची, साफ केलेली सत्तावीस नंबरची फाइल लावली. नुसती शीळ. "मीच कापलं हे. काल. गोंगाट समजून." ती रागाने काकांकडे वळली. "काका, सकाळपासून जीव टांगणीला लागला होता माझा. हे मी विसरणार नाही."



तिने फोल्डर मूळ जागी आणला. मग डावीकडची सत्तावीस नंबरची फाइल पुसली आणि उरलेल्या एकोणचाळीस उजवीकडे ओढल्या.