पुसलेल्या नऊ फुल्या

सकाळी सव्वासहाला बाबा विहिरीवरची मोटर सुरू करतात. साडेसहाला केसरबाई, आमच्या बागेतल्या जुन्या मजूर, आपला डबा पेरूच्या फांदीला टांगतात आणि चहा मागतात. मग बाबा संत्र्याच्या ओळींतून फेरी मारतात. जूनच्या त्या आठवड्यात या फेरीला खास कारण होते. डिंक्या रोग लागलेल्या एक्केचाळीस खोडांवर त्यांनी गेरूची फुली मारली होती. शुक्रवारी जेसीबी येऊन फुलीची झाडे उपटणार होता. पण रोज पहाटे काही फुल्या पुसलेल्या सापडत.

"नऊच! अन् रोज तेच नऊ," बाबा वैतागले. "कोन पुसून राहिला?"

सुट्टीला घरी आलेली मी मात्र आतून उसळत होते. पुण्याच्या प्रयोगशाळेत तीन वर्षे मी हेच तर शोधते आहे! पेशी नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाची खूण चढवते. खूण असलेले प्रथिन मोडीत निघते. काही एन्झाइम ती खूण काढून प्रथिनाला वाचवतात. कर्करोगात ते भलत्यालाच वाचवतात, म्हणून त्यांना अडवणारे रेणू हवेत. पण आधी त्यांना पकडायचे कसे? आम्ही खोटी खूण बनवतो. दिसायला अगदी खरी, टोकाला गळासारखा रासायनिक आकडा. एन्झाइम ती काढायला येते... आणि तिथेच अडकते.

मंगळवारी संध्याकाळी मी गेरूत फळमाशीच्या सापळ्याचा चिकट गोंद कालवला आणि त्या नऊ फुल्या पुन्हा मारल्या.

बुधवारी फुल्या फरफटलेल्या होत्या, पण पुसल्या गेल्या नव्हत्या. एकीवर पाच बोटे उमटली होती. लांब, निमुळती बोटे. का कोण जाणे, ती माझ्या लक्षात राहिली.

त्याच सकाळी बाबांनी मला सावरगावातून जाम नदीपलीकडे, पांढुर्ण्याच्या रोपवाटिकेत एक्केचाळीस नवी कलमे सांगायला पाठवले. रोपवाटिकेचा मालक प्रफुल्ल माझ्याच वयाचा होता. उजवा हात पाठीमागे ठेवून त्याने डाव्या हाताने मला पाण्याचा पेला दिला. अर्धे पाणी सांडले.

"डावखुरे आहात?"

"हाव... आजपासून."

"दाखवा तो हात."

तळहात लालभडक होता, आणि त्यावर कापसाचे पुंजके घट्ट बसले होते.

"कापसानं पुसाले गेलो, तर कापूसच चिकटला," तो ओशाळून म्हणाला. "काय लावलं होतं, मॅडम, तुमी?"

"सापळा."

"कोनासाठी?"

"जो वाचवायला येतो... त्याच्यासाठी."

बोलून गेल्यावर माझे कान तापले. मी घाईने विचारले, "पण तुम्ही कशाला पुसता? आमची झाडे पडली तर तुमचीच कलमे खपतील."

"म्हणूनच तर तुमचे बाबा ऐकत नाई! म्हने, कलमं विकणारा सांगते झाड ठेवा, म्हणजे नक्की काई गडबड हाय." तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "बत्तीस तर गेलेच. त्याईले म्या हात नाई लावला. पण नऊ जगतीन. डिंक खरवडून बोर्डोचा, मोरचूद-चुन्याचा लेप दिला म्या. साल खरवडून पाहा, आतून हिरवी हाय."

बत्तीस सोडून नेमकी नऊ! माझा रेणू तर दिसेल त्या एन्झाइमला चिकटतो. तीन वर्षांत मला ही निवड साधली नव्हती.

गुरुवारी तो उजाडल्यावर, उघडपणे आला. बाबा बाजारात गेले होते. त्याने कलमाचा चाकू माझ्या हातात दिला आणि एकेका खोडापाशी मला साल खरवडू दिली. नऊही ठिकाणी ओलसर, कोवळे हिरवे दिसले. चाकू परत देताना बोटांना बोटे लागली आणि क्षणभर खरोखरच चिकटली.

"सावरगावची पोरगी अन् पांढुर्ण्याचा पोरगा," केसरबाई मागून म्हणाल्या. "गोटे पडतीन बापा!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची दोन गावे अशाच एका जोडप्याच्या आठवणीत नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात.

"पडू द्या, केसरबाई. माझा एक हात तसाबी अडकलाच हाय."

मी हसू दाबले. "आमच्या प्रयोगशाळेतला आकडा सुटत नाही. हा गोंद मात्र खोबरेल तेलाने सुटतो. आणू?"

त्याने तळहाताकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"नका आणू," तो म्हणाला.

शुक्रवारी जेसीबी यायच्या आत मी केसरबाईंचे खुरपे आणि ओले फडके घेतले. खोबरेलाची बाटली घरीच ठेवली. एकेक करत नऊ फुल्या खरवडून काढल्या. शेवटच्या झाडापाशी बाबा चहाचा कप घेऊन उभे होते.

"तू पाहिली साल?"

"पाहिली, बाबा. नऊच्या नऊ हिरव्या हायेत."

जेसीबीवाल्याने किती झाडे म्हणून विचारले, तेव्हा बाबांनी कप खाली ठेवला.

"बत्तीस."

मी नदी ओलांडून रोपवाटिकेत गेले.

"एक्केचाळीस नाई," मी म्हटले, "बत्तीसच कलमं द्या."

प्रफुल्लने माझे दोन्ही लाल तळहात पाहिले. त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"तेल... आणू?"

"नका आणू," मी म्हणाले, आणि हात पुढे केला.