सोमाजीभाऊंची बुजवलेली न्हाणी

लाइन काही तासभर येत नाही आता, तेव्हा मोबाईल उपडे ठेवा आणि जरा सरकून बसा. सादिकची गोष्ट सांगतो. सादिक म्हणजे सावली गावचा नळवाला, गेल्या महिन्यात आपल्याकडे टाकी बसवायला आला होता तोच. एरवी त्याचं तोंड बंद होत नाही, पण ही गोष्ट विचारली की गप्प बसतो. मला त्याने ती एकदाच सांगितली, भर दुपारी, चहाच्या टपरीवर, आणि सांगून होईस्तोवर त्याच्या चहावर साय धरली. तुम्हाला खोटी वाटली तर वाटू द्या. मी काही तुमच्याकडे मतं मागायला आलेलो नाही.

दोन वर्षांपूर्वीचा तान्हा पोळा, मंगळवार. गावातली लेकरं लाकडी बैल ओढून, घरोघरचा खाऊ खाऊन पेंगुळली होती. सादिक दिवसभर वैनगंगेकाठच्या एका खेड्यात बोअरची मोटर बसवून परतला होता. हातपाय धुऊन जेवायला बसणार, तर दारात सोमारी उभी.

"सादिकभाऊ, तुमचा तो पंजा घेऊन चला," ती म्हणाली. "आत्ताच चला."

पंजा म्हणजे सादिकच्या पिशवीतलं सगळ्यात लाडकं हत्यार. दोन हात लांब, हवी तशी वाकणारी स्प्रिंग. एका टोकाला अंगठ्याने दाबायचा खटका, दुसऱ्या टोकाला तारेची चार बोटं. खटका दाबला की बोटं उघडतात, सोडला की सापडेल ते घट्ट धरतात. बेसिनमध्ये पडलेली कानातली, मोरीत गेलेली चावी, काय काय काढलं होतं त्याने. एकदा एका आजोबांची कवळी काढली, तर आजोबांनी ती धोतराला पुसून तिथेच तोंडात घातली.

आता सोमारीचं सांगतो. ती मूळची भामरागडकडची, पावसाळ्यात ज्याचा रस्ता तुटतो अशा एका जंगलातल्या गावची. एकोणिसाव्या वर्षी सावलीत आली आणि सोमाजीभाऊंच्या घरी धुणंभांडी करू लागली. सोमाजीभाऊ तुम्ही पाहिले नसतील. गावात मोठं वजन. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही, पण एकदा तोंडातून शब्द गेला की तो मागे घेणं त्यांना जमायचं नाही. बोलण्याआधी घसा खाकरायचे. दोनदा. खं... खं. तो आवाज आला की चौकातली माणसं गप्प व्हायची, आणि घरात त्यांची बायको मीराबाई असेल तिथून उठून डोक्यावर पदर घ्यायची.

एका सकाळी मीराबाईंच्या बोटातली सोन्याची अंगठी हरवली. सोमाजीभाऊंनी चौकात उभं राहून, खाकरून सांगितलं की सोमारीने नेली. पोलिसांत दिलं नाही, तेवढे उपकार केले. पण सावलीत तिला पुन्हा कोणी उंबरठ्याच्या आत घेतलं नाही. अकरा वर्षं ती लोकांच्या बांध्यांत, चिखलात वाकून, धानाचा रोवणा म्हणजे भाताची लावणी करत राहिली. गावी परत गेली नाही. चोर म्हणून परत जायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. मला विचाराल तर त्या अकरा वर्षांत सगळ्या सावलीने मान खाली घालायला हवी होती, माझ्यासकट.

मग सोमाजीभाऊ वारले. सहा-सात महिन्यांनी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण हवी असं निघालं. तिथल्या मॅडमला सोमारी पसंत होती, पण कोणीतरी जुनं उकरून काढलंच. मॅडम म्हणाल्या, उद्या अकरापर्यंत मीराबाईंच्या हातचं लिहून आण की हिने चोरी केली नाही. नाहीतर मला दुसरी बाई ठेवावी लागेल.

"मंग बाई लिहून देऊन नाई राह्यल्या काय?" सादिकने विचारलं.

"बसल्या होत्या लिवाले. पेन खाली ठेवला. म्हणतात, ते बोलून गेले, आता अंगठी दिसल्याबिगर मी कशी लिवू. आंघोळीच्या वक्ती साबणानं सरकली असन म्हणतात. जुन्या न्हाणीत पाहा म्हणतात."

जुनी न्हाणी म्हटल्याबरोबर सादिकची भूक मेली. ती न्हाणी त्यानेच बुजवली होती.

इथे जरा समजून घ्या. न्हाणीच्या जाळीखाली एक वाटी असते, तिला ट्रॅप म्हणतात. तिच्यात पाणी उभं राहतं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही. जड वस्तू पडली तर ती वाटीतच बसते, पुढे जात नाही. सादिकचे अब्बा मुजफ्फरमियां, तेही नळवालेच. त्यांनी मुलाला शिकवलेला पहिला नियम असा, की कोणाची न्हाणी बुजवायची तर आधी ट्रॅप उपसायचा, गाळ घरच्यांना दाखवायचा, आणि मगच सिमेंट. अंगठी हरवली त्याच आठवड्यात सोमाजीभाऊंनी सादिकला बोलावलं. ही बुजव, नवी पलीकडे काढ. सादिक तेव्हा बाविशीचा. वाटीत हात घालणार, तर मागून घसा खाकरला. "उपसाचं काई काम नाई." आणि सादिकने हात मागे घेतला. जाळीवर फरशीचा तुकडा ठेवला, वरून सिमेंट ओढलं. अकरा वर्षं सोमारी रस्त्यात दिसली की तो दुसरीकडे बघायचा.

त्याने बायकोला, नसीमला, ताट झाकून ठेवायला सांगितलं आणि पिशवी उचलली.

साडेनऊला ते पोचले. मीराबाई एकट्याच होत्या. त्यांनी मागच्या खोलीचा दिवा लावला. तिथे आता धानाच्या रिकाम्या कोठ्या आणि मोडकी सायकल होती. कोपऱ्यात सिमेंटचा तो चौकोन. सादिकने मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि छिन्नी लावली. पाऊण तासात सिमेंट फुटलं, फरशीचा तुकडा निघाला, जाळीही निघाली.

वाटी काठोकाठ भरलेली होती.

सादिक बघतच राहिला. अकरा वर्षं बंद. वर नळ नाही, मोरी नाही. तिथे थेंबभरसुद्धा पाणी उरायला नको. आणि हे पाणी गढूळही नव्हतं. त्याने बोट लावून पाहिलं. माठातल्या पाण्यासारखं गार.

"काय झालं, भाऊ?" सोमारीने विचारलं.

"काई नाई. बॅटरी धर."

त्याने पंजा सोडला. वाटी किती खोल, तर वीतभर. स्प्रिंग वीतभर गेली. हातभर गेली. तळ लागेना. त्याने आणखी सोडली. दीड हात... दोन हात. खटक्याची मूठ पाण्याला टेकली तरी तळ नाही.

आता तुम्हाला वाटेल, दिवा गेला असेल. बाकीच्यांच्या गोष्टीत जातो. इथे बल्ब लख्ख जळत होता, म्हणून तर सगळं दिसलं.

सादिकने खटका दाबला, सोडला. बोटांत काहीतरी आलं. त्याने हलकेच वर ओढलं. येत होतं. वीतभर आलं...

आणि थांबलं.

मग खालून कोणीतरी ओढलं.

जोराने नाही. लहान मुलाच्या हातातून आपण वस्तू काढून घेतो ना, तसं सावकाश. सादिकच्या हातातून स्प्रिंग सरकली. त्याने मूठ आवळली. पाणी हललं नाही. बुडबुडा नाही.

तेवढ्यात पाइपातून आवाज आला.

खं... खं.

दाराशी बसलेल्या मीराबाई ताडकन उठल्या. डोक्यावर पदर घेतला. मान खाली. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं.

आणि सादिकचा हात... सादिकचा हात आपोआप मागे आला होता. अकरा वर्षांपूर्वी आला होता तसाच. मूठ सुटून स्प्रिंग आत निघाली होती. ते त्याने पाहिलं, आणि पोरांनो, सादिक सांगतो की त्या क्षणी त्याची भीती संपली. राग आला. त्या आवाजाचा नाही, स्वतःच्या हाताचा.

त्याने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि पंज्याची मूठ पुन्हा धरली.

"सोमाजीभाऊ," तो म्हणाला, "तवा उपसू नाई देल्लं तुमी. आज उपसूनच जाईन."

खालून हिसका बसला. सादिकचा खांदा फरशीवर आपटला. गाल ओल्या सिमेंटच्या चुऱ्याला लागला. सोमारीने बॅटरी खाली ठेवली, त्याच्या शेजारी गुडघे टेकले आणि मूठ दोन्ही हातांनी धरली.

"मी रोवणा करणारी बाई आहो," ती पाण्याकडे बघून म्हणाली. आवाज चढला नव्हता. "चिखलातून पाय काढाची सवय आहे मले. ओढा किती ओढता तं."

दोघांनी ओढलं. बोटभर... बोटभर... सोमारीच्या दंडाच्या शिरा ताठ झाल्या. सादिकचे दात करकरले. स्प्रिंग वर येत होती. हातभर आली. आणखी.

मग पाण्याखाली चार तारेची बोटं दिसली. बोटांत अंगठी. पिवळी, लख्ख, काल पडल्यासारखी.

आणि अंगठीच्या दुसऱ्या बाजूला...

सादिक इथे थांबला होता. टपरीवर. मी विचारलं, काय होतं. तो म्हणाला, नख होतं. एकच. अंगठीत अडकवलेलं. नीट कापलेलं, स्वच्छ.

अंगठी पाण्यापासून चार बोटं खाली आली आणि तिथेच अडली. इकडचे सोडेनात. तिकडचं सोडेना.

खं... खं.

मीराबाई दाराशी तशाच उभ्या होत्या. सोमारीने मान वळवली. "बाई, दिसली काय तुमाले?"

मीराबाईंनी पदर आणखी पुढे ओढला.

"बाई. दिसली काय?"

मीराबाई पुढे आल्या. वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरचा पदर त्यांनी खाली ओढला, कमरेला खोचला आणि त्या ओल्या फरशीवर मांडी घालून बसल्या.

"दिसली," त्या म्हणाल्या आणि पाण्याकडे तोंड केलं. "ऐका जी. साबणानं गेली म्हणून मी तुमाले त्याच राती सांगतलं होतं. तुमी म्हणाले, आता मी बोलून बसलो. या पोरीचं नाव खराब झालं, आन् मी गप्प राह्यली. तुमच्या शब्दापायी अकरा वर्सं गप्प राह्यली. आता नाई राहत. सादिक, सोड ते."

"बाई, आली आहे वर. थोडीशीच..."

"सोड म्हणते ना. मले पाहाची होती, पाहून झाली. ठेवू दे त्याहिलेच."

सादिकने सोमारीकडे पाहिलं. नाव तिचं होतं. सोमारीने मान हलवली आणि हात काढून घेतले.

सादिकने खटका दाबला. चारी बोटं उघडली. अंगठी गेली.

पाणी तसंच. गार. काठोकाठ.

मीराबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, नातवाच्या वहीचं पान फाडलं आणि बॉलपेन घेऊन बसल्या. मागच्या खोलीतून आवाज येतच होता. खं... खं. आधी हळू. मग मोठा. मग इतका मोठा की फळीवरची भांडी वाजली. सादिक दारात उभा होता, पंजा हातात घट्ट धरून. तो सांगतो, बाईंनी एकदाही मान वर केली नाही. आणि त्या उठल्या नाहीत. ती बाई रस्त्यात दिसली की मी अजूनही हात जोडतो.

त्यांनी चारच ओळी लिहिल्या. माझी अंगठी सोमारीने चोरली नाही. ती माझ्या हातून न्हाणीत गेली. हे माझ्या नवऱ्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी मीराबाई हे शुद्धीवर राहून लिहिते. खाली सही. तारीख. वेळसुद्धा घातली, दहा वाजून पन्नास मिनिटं.

सहीचा शेवटचा फराटा ओढला आणि मागचा आवाज थांबला.

सोमारीने कागद घडी न करता घेतला. दुसऱ्या दिवशी साडेदहालाच ती वसतिगृहाच्या दारात होती. आज तिथल्या साठ मुली तिच्या हातचं जेवतात, आणि भाताला कोणी नावं ठेवली तर ती चांगली खडसावते. यंदा उन्हाळ्यात ती बारा-तेरा वर्षांनी आपल्या गावी जाऊन आली, आठ दिवस राहून.

त्याच मे महिन्यात सादिक वसतिगृहाची टाकी दुरुस्त करायला गेला होता. आपल्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे. बादलीतलं पाणी हात लावू देत नाही, भिंती रात्रीपण तापलेल्या. मॅडमनी त्याला ऑफिसात बोलावलं, कपाटातली फाइल काढली आणि म्हणाल्या, दादा, कपाटावरून एखादा पाइप गेला आहे का ते बघा. पाइप नव्हता. फाइलमधला वरचा कागद कोरडा, खालचा कागद कोरडा. मधलं मीराबाईंचं पान मात्र त्या न्हाणीतल्या पाण्यासारखं गार आणि ओलं होतं, हातात धरलं की बोटांवरून पाणी ओघळेल इतकं. मॅडम म्हणाल्या, दोन वर्षं झाली, उन्हात ठेवलं, पंख्याखाली ठेवलं, वाळत नाही.

सादिकने ते उजेडात धरून पाहिलं. एकही अक्षर फुटलेलं नव्हतं.