बॉनेट न कापता

भंगारवाल्याच्या फाटकातच त्याने आमची गाडी अडवली. मी गाडी टेम्पोला बांधून ओढून आणली होती, आणि हा गॅरेजवाला आतून एक जुनं इंजिन मिळवून, हात पुसत बाहेर येत होता.

"ही इथे कशाला?"

"इंजिन गेलंय. पार्ट मिळत नाहीत."

"इंजिन गेलंय ना... गाडी कुठे गेलीय?" त्याने बॉनेटवरून इतका जपून हात फिरवला, की उगीचच मी लाजले. "हे माझं इंजिन हिच्यात बसवतो. पंधरा दिवस द्या मला."

गाडी बाबांची. ती भंगारात द्यायचं ठरल्यापासून ते धड जेवले नव्हते. त्यांनी पंधरा दिवस दिले, पण एका अटीवर. "नवं इंजिन उंच झालं तरी बॉनेट कापायचं नाही. कापलेलं मला बघवणार नाही. तसं असेल तर सरळ भंगारात."

मी कपडे शिवते. दुकान बंद केलं की माझे पाय गॅरेजकडे वळायला लागले. देखरेखीला जाते, असं घरी सांगायचे. गल्लीत त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. प्रत्येक माप तो तीनदा घ्यायचा आणि बारीक अक्षरात लिहायचा. ते बघत बसायला मला फार आवडायचं.

बाराव्या दिवशी गेले, तर स्वारी स्टुलावर तोंड पाडून बसलेली.

"माझी चूक झाली," त्याने थेट सांगितलं. "मापं घेतली तेव्हा इंजिन चेन पुलीला लटकत होतं. आज गाडीतल्या रबरी बैठकांवर टेकवलं, तर वजनाने रबर दबून बोटभर खाली बसलं. इंजिनखालचं तेलाचं चेंबर गाडीच्या आडव्या बीमला लागतंय. आणि वर उचललं तर बॉनेट मिटत नाही."

चूक झाली की कापडाला, हवेला, गिऱ्हाइकाच्या पोटाला बोल लावणारे कारागीर मी खूप पाहिलेत. त्यात मीही आले. हा मात्र... खरं सांगते, तिथेच मी कामातून गेले.

"मग चेंबर कापा की! बाबा बॉनेटबद्दल बोललेत."

"तेल कमी मावेल."

"बगलेत दाटलं की आम्ही जादा कापडाची कळी घालतो. तुम्ही बाजूने वाढवा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही आधी का नाही भेटलात?"

"भंगारात यायचं काही कारणच नव्हतं..."

मी पुठ्ठ्याचा नमुना कापला. त्याने बीमपुरतं चेंबर कापून आत घेतलं, बाजूने फुगवलं आणि वेल्डिंग केलं. मग इंजिनवर मातीचे गोळे ठेवून बॉनेट अलगद मिटलं. उघडलं, तर गोळे चपटे झालेले, पण करंगळीएवढी जाडी शिल्लक होती, म्हणजे बॉनेट इंजिनला टेकत नव्हतं. आनंदाने मी त्याचा दंड धरला, आणि सोडायचं विसरले.

पंधराव्या दिवशी बाबा आले. बॉनेट त्यांनी स्वतः दोनदा मिटून पाहिलं. गाडी सुरू केली, आवाज ऐकला, चष्मा काढून पुसला.

"फारच सुंदर काम केलंत हो. आता काही राहिलंय?"

"एक राहिलंय." फूटपट्टीचे कान लाल झाले. "उद्यापासून ह्या इथे येणार नाहीत... ते मला जमणार नाही. ह्या मला फार आवडतात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"तिलाच विचार की." इतके दिवस त्याला अहो-जाहो करणारे बाबा एकदम अरे-तुरेवर आले होते. "मी एक चक्कर मारून येतो. सावकाश येतो."

गाडी गल्लीच्या टोकाला वळली.

"घाई नाही," तो पुटपुटला. "तुम्ही नीट विचार करून—"

"माझा विचार करून तीन दिवस झाले," मी त्याचा तेलकट हात हातात घेतला. "तुम्हालाच वेळ लागला."