कोरडी बॅटरी

दापोलीच्या एसटी स्टँडामागे काशीरामचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. नव्या बॅटरीशी हयगय केलेली त्याला मुळीच खपत नसे. गिऱ्हाईक कोणीही असो, तो बजावून सांगे, पहिलं चार्जिंग दोन दिवस, सावकाश. मग दर पंधरवड्याला आणायची. विहिरीचं पाणी घातलंत तर माझ्याकडे यायचं नाही.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत बुरोंडीच्या फातिमाबीलाही त्याने हेच सांगितलं होतं. तिचा नवरा नझीर आखातात बोटीवर कामाला. पत्राऐवजी तो कॅसेट भरून पाठवी. त्यांच्या मोहल्ल्यात वीज पोचली नव्हती, म्हणून टेपसाठी तिने बॅटरी नेली. मे सरत आला तरी बाई फिरकली नाही.

काशीराम पेटला. एक तर ती दुसऱ्या कुणाकडे जात होती, नाहीतर बॅटरी मारून टाकून उद्या त्याच्याच नावाने खडे फोडणार होती. एका दुपारी ॲसिड तपासायचा हायड्रोमीटर पिशवीत घालून तो बुरोंडीच्या गाडीत बसला.

अंगणात बांगडे वाळत होते. घरातून पुरुषाचा आवाज येत होता, संथ, घरगुती. नवरा आलेला दिसतो, असं वाटून तो दारातच थांबला.

"या, काशीरामभाऊ," फातिमाबी म्हणाली. तिच्या हातात चहाचा कप तयार होता.

"मी येणार हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

तिने टेपकडे पाहिलं. "यांनी. सकाळीच."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. कॅसेट फिरत होती. नझीर सांगत होता, "बांगडे उचल गो, मांजर गडग्यावर आलंय."

काशीरामने मागे वळून पाहिलं. दगडी गडग्यावर मांजर बसलं होतं.

"थट्टा करता माझी?" तो ओरडला. "चार महिने चार्जिंग नाही आणि टेप चालतो? कुणाकडे नेलीत बॅटरी?"

"कुठं नाय नेली. हे म्हणाले, हलवू नको. दुसरी कॅसेटसुद्धा आली नाय. गरजच नाय पडली."

काशीरामने बॅटरीची बुचं काढली. तिन्ही खाने कोरडे ठणठणीत. प्लेटांवर पांढरी पूड. हायड्रोमीटरच्या नळीत नुसती हवा आली.

भीती वाटायच्या आधी त्याला संताप आला. पंधरा वर्षं ॲसिडने बोटं जाळून घेऊन शिकलेली विद्या ही वस्तू त्याच्या तोंडावर खोटी पाडत होती.

"मेलेली आहे ही! ही चालूच शकत नाही!" तो ओरडत राहिला. आवाज काय बोलतोय ते त्याला ऐकूसुद्धा आलं नाही. त्याने बॅटरीवरचा तारेचा चिमटा खेचून काढला.

आवाज तुटला.

"लावा, भाऊ," फातिमाबी हळूच म्हणाली. "लवकर लावा."

त्याने लावला नाही. नवी आणून देतो म्हणाला आणि बॅटरी उचलून चालता झाला.

दुकानात त्याने ताजं ॲसिड भरलं, तीन दिवस चार्जिंगला लावली. मीटरचा काटा हलला नाही. चौथ्या दिवशी त्याने ती हातोड्याने फोडली आणि शिसं भंगारात दिलं.

मग नवी बॅटरी नीट दोन दिवस चार्ज करून तो पुन्हा बुरोंडीला गेला. चिमटे लावले. नझीरचा आवाज खणखणीत उमटला. जानेवारीतली खुशाली, सगळ्यांना सलाम, मग नुसती खरखर.

"बघा," काशीराम म्हणाला. "याला म्हणतात बॅटरी."

"हे मला तोंडपाठ हाय. जुनी कुठं हाय?"

"फोडली."

"फोडली?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "माझी वस्तू, मला न विचारता?"



तिने खरखरणारा टेप बंद केला.

"त्या दिवशी हे तुमचंच सांगत होते," ती म्हणाली. "'काशीरामला सांग, मिरगाच्या आधी—' आणि तुम्ही चिमटा ओढलात."

मिरगाला पाच दिवस राहिले होते.