बिनमातीची बाई

तो आमच्या नर्सरीच्या गेटला वेल्डिंग करायला आला होता. गेट राहिलं बाजूला, हा पठ्ठ्या अर्धा तास माझ्या मागे उभा!

मी जुन्या शिडीवर एअर प्लांट बांधत होते. ही झाडं हवेवर जगतात, ना कुंडी, ना माती. पाण्यात बुडवायची, उलटी धरून झटकायची, बस्स. मी एक झटकलं आणि सगळे थेंब त्याच्या तोंडावर!

"सॉरी हं... दिसला नाहीत."

"असू द्या," चेहरा न पुसताच तो म्हणाला. "अजून किती झटकायची आहेत?"

आगाऊ कुठला! पण हसला तेव्हा... जाऊ दे.

चार दिवसांनी तांब्याच्या तारेचा भलामोठा मासा घेऊन हजर. "तुमच्या झाडांसाठी केलाय. याच्यावर बांधा."

"तांबं? जीव घ्यायचाय का त्यांचा? या झाडांना तांबं म्हणजे विष!"

"चार दिवस खपलोय हो..."

"आधी विचारायला तोंड नव्हतं?"

"तोंड होतं," तो म्हणाला, "धीर नव्हता."

त्याचे कान लाल झाले आणि तो मासा उचलून गेला. मी त्याचं नाव तांबट ठेवलं, आणि दिवसभर उगाचच गेटकडे बघत राहिले.

त्याच आठवड्यात बाबांनी फर्मान काढलं. तीस वर्षं मातीत हात घालून त्यांनी नर्सरी उभी केली होती. "मातीला न लागणारं ते झाड कसलं? नुसती थेरं! रविवारी ही थेरं टांगलेली ती भिंत रिकामी कर. तिथे सिमेंटच्या कुंड्या येताहेत. आणि तू उद्यापासून पिशव्यांत माती भरायला लाग."

चार वर्षं जिवापाड सांभाळलेलं माझं काम, एका दमात केराच्या टोपलीत! मी रडले नाही. तांबटाला फोन लावला.

"स्टेनलेस स्टीलची बाई करशील? माझ्याहून उंच?"

'करशील' म्हणाले मी. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"करतो की," तो म्हणाला. "नाकावर राग हवा?"

"भरपूर."

तीन दिवस त्याच्या शेडमध्ये तो तारा वाकवत होता आणि मी झाडं बसवत होते. खांद्यांवर टोकदार पानांचे झुपके, डोक्यावरून कमरेपर्यंत करड्या लोंबत्या जटा.

"मान जरा जास्तच ताठ झालीय हिची," मी म्हणाले.

"समोर बघून केली."

एक झाड बांधताना त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं. त्यानं काढलं नाही... मीही नाही.

रविवारी सकाळी आम्ही ती बाई गेटच्या आत, बरोबर मध्यावर उभी केली. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिच्यापाशी थबकत होतं. तेवढ्यात बाबा आले.

"काढ हे."

"नाही काढणार."

"काय म्हणालीस?"

"भिंत तुमची आहे, घ्या. झाडं माझी आहेत. ती इथेच राहतील. आणि पिशव्या मी भरणार नाही."

बाबांचा आवाज चढला. "कोणाच्या जोरावर बोलतेस एवढं? ह्याच्या?"

तांबट पुढे सरसावला. मी हातानेच त्याला मागे सारलं.

"माझ्या स्वतःच्या जोरावर, बाबा. ह्याच्यावर माझं प्रेम आहे... ती वेगळी गोष्ट."

एक बाई हातात गुलाबाचं रोप धरून तशाच उभ्या राहिल्या. मी नजर खाली झुकवली नाही.

"तुला माहीत होतं हे?" बाबांनी त्याला विचारलं.

"आत्ताच कळलं," तो कसाबसा म्हणाला.

बाबांनी पुतळ्याभोवती एक चक्कर मारली. खांद्यावरचं एक झाड बोटानं हलवून पाहिलं. घट्ट होतं. पुन्हा हलवून पाहिलं.

"दोन हात बाजूला घ्या," ते गुरगुरले. "टेम्पो आत येत नाही."

"एकच हात," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गुलाबवाल्या बाईंकडे वळले.

आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी पुतळा धरला. जटांच्या आडून त्याचा आवाज आला, "ती वेगळी गोष्ट... परत एकदा सांग ना."

"आधी उचल," मी म्हणाले. "मग आयुष्यभर सांगते."