सदतीस नंबरची लाइन

आमच्या ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज जिन्याखालच्या अरुंद खोलीत होतं. भिंतीवर राखाडी पत्र्याची पेटी, तिच्या पोटात आठ सर्किट कार्डं, आणि टेबलावर अठ्ठेचाळीस छोट्या दिव्यांचा बोर्ड. आतल्या प्रत्येक फोनला एक दिवा. यंत्र बावीस वर्षांचं होतं. दुपारनंतर त्यात खरखर सुरू व्हायची आणि कधीकधी एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचं बोलणं घुसायचं.

आम्ही पाण्याचे नमुने तपासतो. फोनशी माझा संबंध एवढाच, की मी फिजिक्स शिकलोय. साहेबांना तेवढं पुरलं.

"हे दुरुस्त करून वाढवायचं की काढून नवं बसवायचं, ते दोन आठवड्यांत लिहून दे," ते म्हणाले. "आणि उगाच लांबण लावू नकोस."

नवी यंत्रणा फोन आपोआप जोडते, तिला ऑपरेटर लागत नाही. त्या खोलीत बसणाऱ्या ऑपरेटरबाईंना निवृत्तीला दोन वर्षं होती. त्यांनाही हे माहीत होतं.

"काय हो शास्त्रज्ञ," मी मोजमापाला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पेटीची नाडी बघताय की माझी?"

मी हसलो नाही. बाईंच्या समोर मला जरा अवघडल्यासारखं व्हायचं, त्याला कारण होतं.

माझी ताई हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम करते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. चहाच्या सुट्टीत, अकरा वाजून दहा मिनिटांनी, ती मला ऑफिसात फोन करायची. एकदा बाईंनी तो बैठकीच्या खोलीत जोडला आणि तिथला स्पीकर चालू होता. टेबलाभोवती अकरा माणसं, मी तक्ता दाखवत उभा, आणि खोलीभर ताईचा खणखणीत आवाज: "काय रे, पोट साफ झालं का सकाळी?"

पुढचा आठवडाभर मला लोक तेच विचारत होते. मी बाईंना सांगितलं, माझ्या बहिणीचा फोन आला की मी जागेवर नाही म्हणायचं. रोज. त्याला आता आठ महिने झाले होते.

यंत्र प्रत्येक फोनची नोंद ठेवायचं: कुठल्या लाइनवर, किती वाजता, किती सेकंद, उचलला की नाही. मी दहा दिवसांच्या नोंदी काढून तक्ता केला. अठ्ठेचाळीसपैकी एकतीस लाइनींना फोन जोडलेले होते. नोंदींत मात्र बत्तिसावीही निघाली, सदतीस नंबरची. तिच्यावर दिवसातून पाच-सहा फोन जात होते. बहुतेक तीस-चाळीस सेकंदांचे, न उचललेले. एकच वेगळा. अकरा दहाचा. सहा मिनिटं, सात मिनिटं, एकदा अकरा. 'उचलला.'

सदतीसची वायर काचेच्या बाटल्या ठेवतो त्या कोठीत जात होती. तिथे फोन नव्हता. भिंतीवर प्लॅस्टिकची चौकोनी डबी होती आणि तिच्याबाहेर कापलेली वायर. टोकांवर भिंतीचा रंग चढलेला. मी मीटर लावला. टोकं कशालाही जोडलेली नव्हती.

मी बाईंना विचारलं.

"टाळलेले फोन मी तिकडे टाकते," त्या म्हणाल्या. "तोंडावर कापायला जीव होत नाही माझा. तिथे वाजत राहतं. माणूस कंटाळतो, आपणच ठेवतो."

"आणि माझ्या ताईचा?"

"तोही तिकडेच. जागेवर नाहीत म्हटलं की त्या म्हणतात, थांबते मी." त्यांनी बोर्डाकडे पाहिलं. "त्यांचा दिवा बराच वेळ जळतो. मी कधी मध्ये ऐकलं नाही. ऐकायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी मी कोठीत जाऊन उभा राहिलो. ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. अकरा दहा झाले. डबी वाजली नाही, कसलाही आवाज आला नाही. मी वीस मिनिटं थांबलो आणि निघताना डबीवर हात ठेवला. ती कोमट होती. रिसीव्हर बराच वेळ कानाला धरला की होतो तितकी.

नोंदीत होतं: सदतीस, उचलला, नऊ मिनिटं चार सेकंद.

त्या संध्याकाळी मी आठ महिन्यांत पहिल्यांदा ताईला घरी फोन केला.

"आता परत? सकाळीच तर बोललो," ती म्हणाली. "तू सांगितलंस तसा कंबरेला शेक घेतला. उतरलंय बरंचसं."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"हल्ली किती निवांत बोलतोस रे. पूर्वी नुसतं हं, हं करायचास. काल आईची आठवण काढलीस ना, मी इस्त्री करताना एकटीच हसत होते."

"कुठली आठवण?" एवढं विचारायला हवं होतं. तो मी नव्हतो, हे सांगायला हवं होतं.

मी म्हणालो, "हो."

रात्रभर मला त्या 'हो'ची लाज वाटत राहिली. भीतीही होती, पण लाज जास्त होती. माझ्या जागी कोणीतरी होतं, आणि ते माझ्यापेक्षा बरं जमवत होतं.

माझा अहवाल तयार होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की दोन कार्डं बदलली तर यंत्र आणखी सहा वर्षं चालेल, कार्डं मिळतात, नवं बसवायची गरज नाही. सकाळी मी ते पान फाडलं. सुटे भाग मिळत नाहीत, असं लिहिलं; पेटी गेली की सदतीसही जाणार होती. सदतीसची ओळ तक्त्यातून काढून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा मी आकडे खोटे केले, आणि ते कोणी तपासलेही नाहीत.

"मग बाईंचं काय?" साहेबांनी विचारलं.

"नव्या यंत्रणेला ऑपरेटर लागत नाही," मी म्हणालो.

शेवटच्या दिवशी बाईंनी टेबल पुसलं, चष्मा पर्समध्ये टाकला. मला एका शब्दानेही लावून बोलल्या नाहीत. दारात थांबून एवढंच म्हणाल्या, "वायरी काढाल तेव्हा बोर्ड बघून काढा. कोणी बोलत असेल तर आधी बोलणं होऊ द्या."

शुक्रवारी मेकॅनिक आला. पेटी उघडून बसला. सव्वाअकरा होत आले होते.

"सगळे बंद आहेत, पण सदतीसचा दिवा लागलाय," तो म्हणाला. "कोणी आहे का लाइनवर?"

"नाही."

"थांबू का दोन मिनिटं?"

"नको," मी म्हणालो. "कापा."

दिवा विझला.

सोमवारपासून नवी यंत्रणा चालू झाली. प्रत्येकाच्या टेबलावर काळा फोन, त्याच्यावर छोटी स्क्रीन. आवाज अगदी स्वच्छ. साहेब खूश होते. आता ताईचा फोन थेट माझ्याकडे येणार होता. मी रोज अकरा वाजता जागेवर येऊन बसायचो. आजूबाजूला सगळे असले तरी उचलायचा, असं ठरवलं होतं.

सोमवारी आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी नाही.

गुरुवारी संध्याकाळी, ऑफिस सुटता सुटता, मी तिच्या घरी लावला.

"हॅलो, ताई."

"कोण?"

"मी बोलतोय. मी."

ती परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "तुम्ही नंतर करता का? माझा भाऊ आलाय घरी. शुक्रवारपासून इथेच आहे."

"ताई, ऐक माझं..."

तिने रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. फोन चालूच होता. तिची पावलं लांब गेली. भांडं सरकलं. मग आतून कोणीतरी म्हणालं, हळू, समजुतीने, माझ्या आवाजात:

"तू बस गं. कंबर दुखेल. गॅस मी बंद करतो."

ती हसली. तिचं तसं हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी ऐकत राहिलो. स्क्रीनवर सेकंद पुढे जात होते.

मग दुसरी पावलं फोनच्या दिशेने आली. जवळ येऊन थांबली. श्वास ऐकू आला नाही. फोन उचलला गेला, आणि पलीकडे कोणीतरी थांबलं, मला काही बोलायचंय का ते बघत.

स्क्रीनवर आणखी दहा सेकंद गेले.

मग पलीकडून फोन अगदी अलगद खाली ठेवला गेला.