सात नंबरची बशी

त्याने कपात चौथा चमचा साखर घातली तोवर तिने दम धरला. पाचव्याला मात्र तिने त्याचं मनगट धरलं.

धरल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे मनगट आपल्या ओळखीचं नाही.

"सॉरी…" ती म्हणाली. पण सोडायचं राहूनच गेलं. "मला बघवेना."

"साखर?"

"साखरेत बुडालेलं माणूस. मी दिवसभर हेच करते हो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी घ्यायच्या, साखरेच्या पाण्यात ठेवायच्या आणि त्या कशा मलूल होतात ते बघत बसायचं."

"आणि याचा पगार मिळतो?"

"अजून पाच महिने."

तो आपल्या मनगटाकडे बघत होता. "हे नमुना म्हणून जप्त झालं का? नाही, उजवा हात आहे. लिहायला लागतो."

तिने हात सोडला. कॅन्टीनच्या खिडकीबाहेर भुरभुर पाऊस चालू होता, आतली काच कॉफीच्या वाफेने धुरकट झाली होती, आणि उघड काहीच घडलेलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत तिला साखरबाई म्हणत. काम ऐकायला अवघड, बघायला सोपं. प्लास्टिकच्या चपट्या बशीत पेशी वाढवायच्या. तळ भरून गेला की बारीक टोकाने मधोमध एक रेघ ओढायची. पेशी खरवडल्या जातात, उघडी वाट पडते. मग दोन्ही काठांच्या पेशी हळूहळू सरकत एकमेकींकडे येतात आणि वाट बुजते. साखर जास्त झाली की त्या रुसतात, सरकत नाहीत. कॉफीतून वेगळी काढलेली द्रव्यं दिली तर रुसवा जातो का, एवढंच तिला बघायचं होतं. दोन काठ, मधे अंतर, आणि कुणीतरी आधी हलण्याची वाट बघणं. प्रेमकथेत याहून फार काही घडतं असं नाही. तिथे फक्त सूक्ष्मदर्शक नसतो.

मागच्या वर्षी तिने बशांचे फोटो काढून हे अंतर मोजलं, तेव्हा कॉफी दिलेल्या बशा झकास बुजत होत्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तेच फोटो स्वतः मोजले आणि निम्मा आनंद तिथेच मावळला. मॅडम ओरडल्या नाहीत. "खोटं नाही मोजलंस," त्या म्हणाल्या. "प्रेमाने मोजलंस. आपल्या धंद्यात ते जास्त महाग पडतं."

प्रेमाला कारण होतं. बाबांना साखरेचा आजार. पायांची जाणीव इतकी गेलेली, की एकदा बुटात खडा घेऊन ते दिवसभर हिंडले आणि संध्याकाळी मोजा लाल झालेला बघून त्यांना कळलं. दर रविवारी फोनवर एकच प्रश्न: "काय गं, कॉफी प्यायची का नाही? तुझं काही ठरलं की सांग."

म्हणून या वर्षी नवा नियम झाला. कोणत्या बाटलीत नुसती साखर आणि कोणत्या बाटलीत कॉफीचं द्रव्य, ते तिला कळू द्यायचं नाही. तिला फक्त नंबर दिसणार. यादी बाहेरच्या माणसाकडे राहणार.

"हे आकडेवाले," मॅडमनी ओळख करून दिली. "दुसऱ्या मजल्यावर संख्याशास्त्र बघतात. यादी यांच्याकडे. कामाबद्दल दोघांनी एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही."

"आमची ओळख आहे," आकडेवाला म्हणाला. "मनगटापुरती."

आता कामाबद्दल बोलायचं नाही म्हटल्यावर माणसांनी काय करावं? बाकी सगळ्याबद्दल बोलावं. दुपारी चार वाजता त्याच खिडकीशी दोघं उभी राहायची. साखर चारावरून तीनावर आली, तीनावरून दोनावर. 'तुम्ही'चं 'तू' झालं. आधी कुणी केलं याची नोंद नाही.

"तुझ्या चेहऱ्यावर काहीच कसं दिसत नाही रे?"

"लहानपणी पत्त्यांत मला कुणी भिडू घेत नसे."

"का?"

"भिडूलाही पत्ता लागायचा नाही."

ती इतकी हसली, की कॉफी बशीत सांडली. तो मात्र गंभीरपणे बशीतली कॉफी परत कपात ओतत होता. ताकास तूर लागू न देणं हा त्याचा धर्म होता.

आणि एका दुपारी ती बेसावधपणे बोलून गेली, "सात नंबरची बशी काय सुंदर सरकतेय!"

त्याची डावी भुवई वर गेली. केसभर. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. पण केसभर अंतरं मोजणं हाच हिचा व्यवसाय.

वर जाऊन तिने सात नंबरचा फोटो काढला आणि मोजला. अंतर कमी भरलं. तोच फोटो पुन्हा मोजला, आणखी कमी. तिसऱ्यांदा मोजला आणि मग हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसली. फोटो काही सरकला नव्हता. सरकली होती ती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिने सरळच विचारलं. "काल सात म्हटल्यावर तुझी भुवई हलली."

"हलली," तो म्हणाला. "पण सातवर नाही."

"मग?"

"ते म्हणताना तू… हसलीस. त्यावर."

पाऊस थांबला होता. खिडकीच्या चौकटीवरून एकेक थेंब सावकाश गळत होता.

"हे खरं आहे हे मला कसं कळणार?" तिने हळूच विचारलं.

"नाही कळणार. तीच तर पंचाईत आहे." भरलेला कप तसाच ठेवून तो निघून गेला.

पुढचे दोन दिवस खिडकीशी ती आणि तिचा कप. तिसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं.

"आकडेवाल्यांनी यादी परत केली. जुन्या बशा सगळ्या बाद. नव्या बाटल्या, नवे नंबर, आणि आता यादी माझ्या कपाटात. आठ आठवडे लागतील."

"आठ! मॅडम, माझे नऊच उरलेत!"

"मग एक शिल्लक राहतो. चैन कर."

"पण परत का केली?"

मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. हितसंबंध जाहीर करण्याचा फॉर्म. आपल्या मेव्हण्याचं बाटल्यांचं दुकान आहे, असलं काहीतरी लोक त्यात लिहितात. इथे आखीव अक्षरात लिहिलं होतं:

हितसंबंधाचे स्वरूप: वैयक्तिक.

केव्हापासून: दुपारी चार वाजून दहा मिनिटे, पाचवा चमचा.

निकालावर परिणाम: प्रयोग यशस्वी व्हावा असे मला फार वाटू लागले आहे. असे वाटणाऱ्याने यादी ठेवू नये.

खाली रकाना होता, 'संबंधित व्यक्तीचे म्हणणे'. तो कोरा होता.

"वीस वर्षांत," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "हा फॉर्म मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला."

ती तडक दुसऱ्या मजल्यावर गेली.

"माझे आठ आठवडे बुडवलेस!"

"हो."

"गप्प बसला असतास तर कुणाला कळलं असतं?"

"तुला. दर वेळी सात मोजताना."

ती म्हणाली, "फार शहाणा आहेस."

"आणि तो फॉर्म…?" त्याने विचारलं.

"यादी उघडेपर्यंत मी निःपक्षपाती आहे. तोवर भेटायचं नाही."

"चारलासुद्धा?"

"चारलासुद्धा."

ते आठ आठवडे तिला कायम पाण्याखालचे वाटत राहिले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन काठ काही न बोलता सरकत होते. चार वाजता ती प्रयोगशाळेच्या खिडकीशी जाई, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या खिडकीच्या कठड्यावर एक कोपर दिसे आणि वाफेची एक बारीक रेघ वर येता येता विरून जाई. तिच्यापर्यंत ती कधीच पोचली नाही. पण वास पोचायचा.

मग मॅडमनी यादी उघडली. कॉफीचं द्रव्य दिलेल्या बशा जास्त बुजल्या होत्या. मागच्या वर्षीसारख्या झकास नव्हे, थोड्याच. पण सगळ्या, आणि मॅडमनी मोजल्यावरही तेवढ्याच. "लिहून काढ. सहा महिने मुदतवाढ मागते मी," मॅडम म्हणाल्या. "पण बशी म्हणजे माणूस नव्हे, विसरू नकोस."

तिने बाबांना फोन केला. "बाबा, बशीतल्या पेशींना बरं वाटतंय. तुमचं डॉक्टरांना विचारा. आणि बूट घालण्याआधी आत हात घालून बघत जा."

"म्हणजे कॉफी प्यायला हरकत नाही?"

"बिनसाखरेची."

"मग काय उपयोग!" बाबांनी फोन ठेवला.

मॅडमच्या हातात आता जुनी यादीही होती. "तुझी ती लाडकी सात… नुसतं साखरपाणी गं. दुसरं काही नाही."

ती हसत सुटली. सातवर तिने एवढा जीव लावला, आणि सात आपल्या परीने नुसतीच सरकत होती.

"म्हणजे त्याची भुवई," मॅडम निर्विकारपणे म्हणाल्या, "आश्चर्यानेही वर गेली असेल. साखरेतली बशी सुंदर कशी, म्हणून."

"असेल."

"शहानिशा करता येणार नाही."

"नाही," ती म्हणाली, आणि फॉर्म मागून घेतला.

चार वाजता दुसऱ्या मजल्यावर तो कठड्याशी उभा राहून कॉफी पीत होता आणि प्रत्येक घोटाला त्याचं तोंड वाकडं होत होतं.

"किती चमचे?" तिने विचारलं.

"शून्य. आठ आठवडे झाले. अजून सवय होत नाही."

तिने फॉर्म त्याच्या हातात दिला. कोऱ्या रकान्यात आता एक ओळ होती: 'दोन्ही काठ सरकत आहेत. तारीख नक्की आठवत नाही.' खाली सही.

त्याने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. आणि त्याच्या दोन्ही भुवया वर गेल्या.

किती, ते तिने मोजलं नाही.